लंडनच्या आयपी बॅरिस्टरची अर्धी फी मी का भरावी?

धोटा:

नमस्कार मंडळी. आमचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. चोवीस माग, त्यातले सहा जेकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे. टर्की टॉवेल मुख्य, थोडी चादर. वडिलांनी साखर पेठेत घरातल्या चार मागांवर सुरू केलं, २०१४ पासून मी बघतो. कायद्यातलं मला शून्य कळतं, सांभाळून घ्या.

इंग्लंडात लेस्टरला आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. गुजराती माणूस, आठ वर्षं माल घेतोय, एक पै बुडवलेली नाही. मार्चमध्ये त्याला तिथल्या एका कंपनीची नोटीस आली. आम्ही पाठवलेल्या टॉवेलच्या काठावर मोर आणि पायऱ्यांची नक्षी आहे, ती म्हणे त्यांच्या नोंदणी केलेल्या डिझाइनची नक्कल. नोंदणी २०२१ ची. विक्री थांबवा, उरलेला माल नष्ट करा, नफ्याचा हिशेब द्या, असं सगळं त्यात आहे.

आता ऐका. ती नक्षी माझ्या वडिलांची आहे. मी शाळेत असताना ते रात्री जेवण झाल्यावर ग्राफ पसरून लाल पेनने चौकटी भरत बसायचे. मोराच्या तुऱ्यात तीनच ठिपके आहेत, कारण चौथा ठिपका घेतला की आमच्या जुन्या जेकार्डला धागे उचलणारे हुक पुरत नव्हते. त्या कंपनीच्या नोंदणीतलं चित्र बघितलं तर त्यातही तीनच ठिपके! त्यांच्याकडे काय हुक कमी पडले होते का?

गिऱ्हाइकाने सॉलिसिटर केला, इथपर्यंत ठीक. आता तो सॉलिसिटर म्हणतो, आयपीमधल्या (म्हणजे डिझाइन, ट्रेडमार्क, पेटंट असल्या हक्कांच्या) बॅरिस्टरचं लेखी मत घ्यावं लागेल, अडीच हजार पौंड आणि वर व्हॅट. गिऱ्हाईक म्हणतं, माल तुझा, अर्धे तू दे. म्हणजे माझ्या वाट्याला पावणेदोन लाखांच्या आसपास.

आमचे इथले वकील जमिनीची कामं करतात. माणूस चांगला आहे. ते म्हणाले, बॅरिस्टर हा प्रकार आता उरलाच नाही, तुम्हाला गंडवतायत. मलाही बॅरिस्टर म्हटलं की भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटोच डोळ्यांसमोर येतो. एक वकील असताना त्याच्यावर दुसरा वकील कशाला? आणि आमच्या वकिलांनीच इथून इंग्रजीत कडक उत्तर धाडलं तर चालत नाही का? हवं तर नोटिशीचा फोटो टाकतो.

—

कंटेनर काका:

फी राहू द्या बाजूला, आधी परचेस ऑर्डर काढा. मागच्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. "मालामुळे कुणाच्या हक्काचा भंग झाला तर सगळा खर्च पुरवठादाराचा" असं कलम असेल तर तो अर्धे मागतोय हा त्याचा चांगुलपणा समजा. मी एकदा असल्या कागदावर न वाचता सही केली होती. पुढचं सांगत नाही, बीपी वाढतं.

—

पूर्वभाग:

मालक, घाबरायचं काय त्यात? आपल्या सोलापुरी चादरीला आणि टर्की टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे की! देशात जीआयची नोंदणी सुरू झाली तेव्हाचे अगदी सुरुवातीचे अर्ज, क्रमांक ८ आणि ९. ते सर्टिफिकेट तोंडावर फेका त्यांच्या. टॉवेल आमचा, आणि नोटीस आम्हालाच?

—

सात रस्ता:

धोटा, पहिली गोष्ट, नोटिशीचा फोटो इथे टाकू नका. वकिलाशी काय बोललात तेही इथे लिहू नका. समोरच्यालाही नेट आहे, आणि मराठी वाचून देणारा माणूस लंडनमध्ये पाच मिनिटांत मिळतो.

मी सोलापूरचीच. इथेच कायदा शिकले, मुंबईत नऊ वर्षं ट्रेडमार्क आणि डिझाइनच्या केसेसवर ज्युनियर म्हणून फायली उचलल्या, मधे एक वर्ष लंडनला एलएलएम केलं. आता आईच्या तब्येतीमुळे परत आलेय. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे.

तुमचे वकील भारतापुरतं बरोबर बोलले. आपल्याकडे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकिलांचा एकच वर्ग केला. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) सॉलिसिटर वेगळा आणि कोर्टात उभा राहणारा काउन्सेल वेगळा, ही सक्तीची पद्धत पुढे १९७६ च्या दुरुस्तीने गेली. सवय मात्र गेली नाही. मुंबईत आजही सॉलिसिटरची वेगळी परीक्षा होते, आणि मोठ्या केसमध्ये फर्म कागद तयार करते, काउन्सेल उभा राहतो.

इंग्लंडात ही वाटणी जिवंत आहे. सॉलिसिटर हा तुमचा माणूस: पत्रव्यवहार, कागद गोळा करणं, तारखा सांभाळणं, पैशाचं बोलणं. बॅरिस्टर त्याच्यामार्फत येतो, एका विषयात मुरलेला असतो, आणि त्याची मुख्य कामं दोन, कोर्टात बोलणं आणि मत देणं. तो फर्मचा नोकर नाही. स्वतंत्र धंदा करणारे पंचवीस-पन्नास जण एक जागा आणि काही क्लार्क वाटून घेतात, त्याला चेंबर्स म्हणतात. हा क्लार्क म्हणजे आपल्याकडचा फाइल धरून पळणारा कारकून नव्हे बरं का. बॅरिस्टरची तारीख आणि फी तोच ठरवतो, मोठमोठे वकील त्याला वचकून असतात. आयपीतली नावाजलेली चेंबर्स लिंकन्स इनच्या न्यू स्क्वेअरमध्ये आणि ग्रेज इनच्या साउथ स्क्वेअरमध्ये आहेत (इन म्हणजे बॅरिस्टरांच्या लंडनमधल्या जुन्या संस्था). तुमच्या भिंतीवरचे बाबासाहेब १९२२ मध्ये याच ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा कोर्टबिर्ट बघायचं सोडून तासभर त्या हिरवळीभोवतीच फिरत होते.

आयपीमध्येही पुन्हा दोन जाती. पेटंटवाले बरेचसे आधी केमिस्ट्री, फिजिक्स शिकून आलेले. ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइनवाले वेगळे. तुम्हाला दुसऱ्या जातीतला हवा, आणि त्यातही केसी म्हणजे किंग्ज काउन्सेल, मानाची पदवी मिळालेला ज्येष्ठ बॅरिस्टर, नको. चांगला ज्युनियर पुरतो. तिकडे ज्युनियर म्हणजे पोरगा नाही, पंधरा वर्षं काम केलेला माणूसही ज्युनियरच असतो. अडीच हजार ही ज्युनियरची फी दिसते, पण विचारून घ्या.

इथून कडक पत्र पाठवायचा विचार सोडा. नोटीस गिऱ्हाइकाला आहे, हक्क ब्रिटनमधला आहे, कोर्टही तिथलं. आपल्याकडचा दावा असता तर तो सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात आला असता. "मुळात हे डिझाइन रद्द व्हायला हवं" असा बचाव घेतला की आपल्या डिझाइन कायद्याच्या कलम २२(४) ने तो हायकोर्टात गेला असता, आणि आपल्या जिल्ह्याची हायकोर्टातली कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. मग तुमच्या वकिलांना नुसती कोल्हापूरची गाडी पकडायची होती.

पूर्वभाग, तुमच्या अभिमानाला नमस्कार, पण जीआय इथे उपयोगाचा नाही. तो नावाला आहे, नक्षीला नाही. पानिपतच्या मालावर कुणी "सोलापुरी" छापलं तर जीआय काढायचा. मोराच्या तुऱ्याशी त्याचा संबंध नाही.

आता मुद्द्याचं. ब्रिटनमध्ये डिझाइन नोंदवताना ते नवं आहे की नाही हे ऑफिस तपासतच नाही, २००६ पासून. अर्ज नीट भरला की नोंदणी मिळते. म्हणून २०२१ च्या सर्टिफिकेटला भिऊ नका. तो दरवाजा आहे, भिंत नाही. ती नक्षी किंवा नजरेत भरेल इतकी तिच्यासारखी नक्षी त्यांच्या अर्जाच्या आधी जगापुढे आलेली होती असं दाखवलं की नोंदणी पडते. डिझाइन स्वतःचंच असेल तर अर्जाआधीच्या बारा महिन्यांत ते जगापुढे आणलं तरी मालकाला सूट असते. पण ते तुमच्या वडिलांचं असेल तर ही सूट त्या कंपनीच्या कामाची नाही.

फक्त त्यात एक खोच आहे. "जगापुढे" म्हणजे ब्रिटन-युरोपातल्या त्या धंद्यातल्या माणसांना रोजच्या व्यवहारात कळू शकेल असं. २००८ मध्ये तिथल्या अपील कोर्टात काटेरी चेंडूंची केस झाली होती. एकाचे चेंडू कपडे वाळवायच्या मशिनमध्ये टाकायचे, दुसऱ्याचे तसेच चेंडू आधीपासून मसाजसाठी विकले जात होते. कोर्टाने म्हटलं, आधीची वस्तू ज्या धंद्यातली आहे त्या धंद्यातल्या लोकांना ती माहीत होण्यासारखी होती का ते बघा, कपडे वाळवणाऱ्यांना मसाजचे चेंडू माहीत होते का हे नको. तुमचं सोपं आहे, दोन्हीकडे टॉवेलच.

आणि बॅरिस्टर कशाला, तर या कामासाठी: तुमचा टॉवेल आणि त्यांचं नोंदणीतलं चित्र शेजारी ठेवून जाणत्या गिऱ्हाइकावर एकूण छाप तीच पडते की वेगळी, हे सांगायला. दिसायला सोपं वाटतं. लहान मुलं बसून फिरतात त्या ट्रंकी सुटकेसची केस २०१६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. मूळ कंपनी हायकोर्टात जिंकली होती, अपिलात हरली आणि सुप्रीम कोर्टातही हरली. भांडण शेवटी नोंदणीच्या चित्रात रंगांचा फरक आणि सुटकेसची शिंगं कशी दाखवलीत यावर आलं. चित्र वाचणारा माणूस लागतो तो असा.

खर्चाचं म्हणाल तर दावा झालाच तर तो बहुधा लंडनच्या इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी एंटरप्राइझ कोर्टात जाईल. तिथे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, पण त्याला ६०,००० पौंडांची कमाल मर्यादा आहे, आणि नुकसानभरपाईला ५ लाख पौंडांची. स्वस्त कोर्ट म्हणून ते ओळखलं जातं. त्यापुढे अडीच हजार किती, तुम्हीच बघा. लहान दाव्यांचा एक स्वस्त मार्गही तिथे आहे, पण नोंदणीकृत डिझाइन त्यात बसत नाही.

म्हणून माझं मत: पैसे द्या, पण आत्ता नको. कागद गोळा करा, मग द्या. मुंबईत असताना एका कापड कारखानदाराबरोबर मी सिनियरच्या चेंबरमध्ये गेले होते. सव्वा तासाची भेट. सिनियरने एकच प्रश्न विचारला, "हे कधी काढलं, कुणी बघितलं, तारीख कशावर आहे?" कारखानदाराने सॅम्पलची अख्खी वही आणली होती, पण एकाही पानावर तारीख नाही. उरलेला तास चहात गेला. फी पूर्ण लागली.

—

पूर्वभाग:

जीआयचं कळलं. पण वडिलांचं चित्र म्हणजे कॉपीराइट आपोआप असतो की ताई. ते कुठे गेलं?

—

सात रस्ता:

भारतात तरी ते हातातून गेलं. कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२): डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट नोंदवली नाही आणि यंत्राने पन्नासपेक्षा जास्त नग काढले की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. आपल्याकडे पन्नास नग म्हणजे सकाळच्या चहापर्यंत होतात. सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबद्दल दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये हेच धरलं. डिझाइन नोंदवायला छोट्या कारखान्याला सरकारी फी एक हजार रुपये, आणि आपण ते करत नाही, मागाचं तेल त्याहून महाग येतं. इंग्लंडात कॉपीराइटचा हिशोब वेगळा आहे, तो प्रश्न बॅरिस्टरला जरूर घाला.

—

धोटा:

ताई, तुमचं वाचून रविवारी माळ्यावर चढलो. धूळ, उंदीर, जुनी कार्डं. ग्राफ सापडला! चार फुटी कागद, चार घड्या, घडीवर फाटलाय, लाल शाई आता विटकरी झालीय. कच्चं रेखाटन जुन्या कॅलेंडरच्या पानामागे आहे, पान एप्रिल १९९८ चं. तुऱ्यात आधी चार ठिपके काढून चौथा खोडलाय, बाजूला तेलुगूत वडिलांच्या अक्षरात "हुक नाहीत". (आमच्या घरी तेलुगू बोलतात.) खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. आता कुठली कंपनी बोलते बघू. स्कॅन करून पाठवतो लंडनला.

त्याच पेटीत अजून कचरा होता. वडील आणि काका २०११ च्या जानेवारीत जर्मनीला फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टिल जत्रेत गेले होते, कुणाच्या तरी स्टॉलमध्ये अर्धी जागा घेऊन. तिथे वाटलेलं चार पानी ब्रोशर, खराब छपाई, मागच्या पानावर आमचा टॉवेल दोरीवर टांगलेला. स्टॉलची पावती आणि दोघांचे गळ्यातले पास पण आहेत. ते टाकून देत होतो, बायको म्हणाली ठेवा.

—

सात रस्ता:

वहिनींना माझा नमस्कार सांगा. तो "कचरा" म्हणजेच तुमची केस आहे.

वाईट वाटून घेऊ नका, पण ग्राफने ही नोंदणी पडत नाही. माळ्यावरचा कागद जगापुढे आला असं कोण म्हणेल? आणि एप्रिल १९९८ च्या पानामागे चित्र आहे म्हणजे ते कॅलेंडर छापल्यानंतर कधीतरी काढलं, एवढंच सिद्ध होतं. २०२२ मध्येही जुन्या कॅलेंडरवर चित्र काढता येतं, समोरचा वकील हे पहिल्या मिनिटाला म्हणेल. तुऱ्यातले तीन ठिपके त्यांनी ढापले की नाही, हाही मुद्दा तसा बाजूचाच, कारण नोंदणीकृत डिझाइनच्या भांडणात नक्कल केली का हे विचारतच नाहीत, दिसतं कसं हे विचारतात.

ब्रोशर मात्र सोनं. जर्मनी, जगभरचे टॉवेलवाले जमतात ती जत्रा, त्यांच्या नोंदणीच्या दहा वर्षं आधी, फोटोत तीच नक्षी. पावती आणि पास त्याला तारीख देतात. फोटोत काठ नीट दिसतो का तेवढं भिंगाने बघा. टांगलेल्या टॉवेलचा काठ घडीत गेला असेल तर पंचाईत.

वडिलांचं निवेदन लागेल. ते तेलुगूत द्या. इंग्लंडच्या कोर्टात साक्षीदाराने स्वतःच्या भाषेत निवेदन द्यावं आणि सोबत भाषांतर जोडावं असाच नियम आहे. मोडक्या इंग्रजीत सही करून देऊ नका, उलटतपासणीत तेच नडतं.

सॉलिसिटरला गिऱ्हाइकामार्फत तीन गोष्टी विचारा. मत "भंग झाला का" आणि "नोंदणी टिकते का" या दोन्हींवर मिळणार ना, फी ठरलेली आहे की घड्याळावर, आणि आधी बॅरिस्टरबरोबर व्हिडिओवर तासाभराची कॉन्फरन्स घेता येईल का. ब्रोशर हातात असताना कधीकधी कॉन्फरन्सवरच काम भागतं. आणि त्या कंपनीने गिऱ्हाइकाच्या दुकानदारांनाही नोटिसा धाडल्यात का तेही विचारा. आयातदाराला धमकी देणं वेगळं आणि नुसत्या विकणाऱ्याला देणं वेगळं, २०१७ चा तिथला एक कायदा दुसऱ्या प्रकाराबद्दल उलट दावा करू देतो.

—

कंटेनर काका:

ऑर्डरच्या मागच्या पानाचं काय झालं ते सांगितलं नाहीत.

—

धोटा:

काका, होतं कलम. सगळा खर्च माझाच लिहिलाय. गिऱ्हाइकाने तो विषय काढलाच नाही, आठ वर्षांची ओळख. अर्धे देतो म्हणून कळवलं.

काठ दिसतोय, मोर दीड आहे. एक पूर्ण आणि शेजारचा घडीत अर्धा. तीन ठिपके मोजता येतात. कॉन्फरन्स येत्या गुरुवारी, आपल्या दुपारी साडेतीनला. फी नऊशे पौंड, अर्धे माझे. लेखी मत नंतर लागलं तर.

वडिलांना सांगितलं, ग्राफचा उपयोग नाही म्हणतात, जर्मनीच्या ब्रोशरचा आहे. मला वाटलं त्यांना लागेल. ते म्हणाले, बरं झालं, त्या ग्राफात मोराचा डावा पाय एक घर चुकलाय, लोकांना दाखवू नको.

एक विचारायचं राहिलं. ब्रोशरची मूळ प्रत कुरिअरने पाठवू का? एकच आहे.

—

सात रस्ता:

अजिबात नाही. घरातून हलवू नका. चारही पानं नीट स्कॅन करून पाठवा, पावती आणि पाससकट. मूळ प्रत मागितली तर ती जाणाऱ्या माणसाबरोबर, पोच घेऊन. आणि लॅमिनेशन करू नका, नवी पेठेतला कुणीतरी हमखास सुचवेल.